योगिताचे हात

दिवाळीच्या सुट्टीला सगळी मुलं पिशव्या घेऊन वसतिगृहाबाहेर आली. योगिता मात्र रिकाम्या हातानं आली आणि फाटकाला टेकून उभी राहिली. बापाला बघून ती हसलीही नाही.

म्हाळूनं तिच्या शिक्षिकेकडं, बबिता मॅडमकडं बघितलं.

"ती घरी यायचं नाही म्हणते," मॅडम म्हणाल्या. योगिताला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, तरी त्यांचा आवाज खाली गेला. "उन्हाळ्यात महिनाभर तिच्याशी कुणी बोललंच नाही म्हणे. जेव, झोप, चल, एवढंच. इथं अंबाजोगाईला सगळे खुणांनी बोलतात. तिला इथंच बरं वाटतं."

म्हाळूनं मान खाली घातली. मेंढरांमागं हिंडणारा माणूस, मुळात बोलणंच कमी. पण उन्हाळ्यात पोरगी अंगणात एकटी बसून हात हलवायची, स्वतःशीच बोलायची, ते त्यानं बघितलं होतं.

"मी शिकायलोय, मॅडम. तुमी फोनवर धाडलेले व्हिडिओ रानात बसून रोज बघतो."

"कुठवर आलंय?"

"शब्द लई पाठ केलेत. पर समोर उत्तर द्यायला मेंढरंच. आलं का न्हाई, कसं कळावं?"

"मग तिच्याशीच बोला की."

म्हाळूनं सदऱ्याला तळवे पुसले. लेकीसमोर उभा राहिला आणि हात उचलले. घर. आई. वाट बघते. चल. एक खूण झाली की तो थांबायचा, पुढची आठवायचा, मग ती करायचा. कपाळावर घाम आला.

योगिता गोंधळून मॅडमकडं बघू लागली. मॅडमनी ओठ दाबून धरले होते.

"काय झालं?" म्हाळूनं विचारलं.

"'आई भांडते, घरी चल', असं म्हणालात तुम्ही."

"तेबी खोटं न्हाई," म्हाळू म्हणाला.

मॅडमनी ते खुणांनी योगिताला सांगितलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला. ती पुढं आली, बापाची राठ बोटं हातात घेतली, दोन दुमडली, एक सरळ केलं. मग 'वाट बघते' अशी खूण त्याच्याकडून करून घेतली. पुन्हा एकदा करून घेतली.

मग तिनं त्याला काहीतरी विचारलं. नव्यानं आलेल्या लहान मुलांशी ती बोलायची तशी, मोठ्या, सावकाश खुणा करत. म्हाळू डोळे बारीक करून बघत राहिला. शेळी. पिल्लू. झालं?

त्याचा चेहरा उजळला. व्याली, त्यानं सांगितलं. दोन झाली. एक काळं, एक पांढरं. काळं लंगडतं, ही खूण त्याला येत नव्हती. मग तो स्वतःच फाटकापासून झाडापर्यंत लंगडत गेला आणि परत आला.

योगिता वळली आणि धावत आत निघून गेली.

म्हाळू तसाच उभा राहिला. बाकीचे आईबाप पोरांना घेऊन निघाले होते.

थोड्या वेळानं योगिता बाहेर आली. खांद्याला पिशवी होती.

वडवणीची गाडी भरगच्च होती. मागं दोघांपुरती जागा मिळाली. पोरगी तिरकी होऊन बापाकडं तोंड करून बसली. खूण करायची, त्याच्या चेहऱ्याकडं बघायची, त्यानं मान हलवली की पुढची करायची. खोलीतल्या एका मुलीबद्दल काहीतरी सांगत होती. लोणचं. डबा. मग त्या खोलीत एक कुत्रं शिरलं.

कुत्रं आलं आणि तिचे हात पळायला लागले. भुवया वर गेल्या, गाल फुगले, खांदेसुद्धा बोलू लागले. म्हाळूनं गडबडून तिचं मनगट धरलं. परत सांग. तिनं वैतागून कपाळाला आठी घातली आणि पहिल्यापासून सांगितलं, तितक्याच भरभर.

सावकाश करायचं ती विसरून गेली होती.

म्हाळूला त्यातलं निम्मंच कळलं. कोण रडलं आणि लोणचं शेवटी कुणी खाल्लं, पत्ता लागला नाही. पण सकाळपासून आवळलेले त्याचे खांदे खाली आले. आपण हसतोय, हेही त्याला जरा उशिरानं कळलं.

"मामा, तिकीट! कुठं जायचंय?" गर्दीतून वाट काढत कंडक्टर त्यांच्यापाशी आला.

म्हाळूनं मान वळवली नाही. नजर काढली असती तर लेकीचं बोलणं तिथंच तुटलं असतं.

"मामा, तुम्हालाच म्हणतोय."

"जरा दम धरा, सायेब," म्हाळू तिच्याकडंच बघत म्हणाला. "पोरगी बोलायलीय."

कंडक्टरनं तिकिटाचं मशीन खाली घेतलं आणि वरच्या दांड्याला धरून तोही तिच्या हातांकडं बघत उभा राहिला.