शेठचा खुराक

पंचेचाळीस ग्रॅम. मावशींनी शेठला काट्यावरून उचललं, पुन्हा ठेवलं. पंचेचाळीसच.

प्रयोगशाळेतले उंदीर मावशी अठरा वर्षं सांभाळत होत्या. शेठ त्यातला सगळ्यात लठ्ठ. शेजारच्या पिंजऱ्यातला त्याच्याच वयाचा काटकुळा तो मास्तर. मापात जेवलं की अंग मापात येतं, हे मावशींचं ब्रह्मवाक्य. ते खरं करून दाखवायचा चंग बांधून सहा आठवडे त्या कुणाला न विचारता शेठला मास्तरएवढंच तोलून घालत होत्या. शेठ दोन ग्रॅम उतरला आणि तिथेच अडून बसला. मास्तरच्या जवळजवळ दुप्पट.

घरीही हाच नियम होता. चौदा वर्षांच्या लेकीला मोजून जेवण, बाकी सगळं कपाटात, कपाटाला कुलूप. तरी पोरीचं वजन हलेना. वर भर दुपारी शाल पांघरून लोळायची. सकाळीच ती म्हणाली होती, "आई, शपथ, मी चोरून खात नाही."

"मग काय हवा खाऊन फुगतेस?" मावशी म्हणाल्या होत्या.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंनी खुराकाची वही पाहिली आणि त्यांचं डोकंच फिरलं. "मावशी, सहा आठवड्यांचं काम पाण्यात घातलंत. पोट भरल्याचा निरोप याच्या मेंदूला पोचतच नाही. त्याला वाटतं, दुष्काळ पडलाय. खाणं तोडलंत तर तो हालचाल तोडेल, अंग गार पडू देईल, पण चरबी धरून ठेवेल. दुसरं कुणी घालत नव्हतं ना?"

"नाही बाई. पिंजऱ्याला कुलूप, किल्ली माझ्याच कमरेला."

बोलता बोलता मावशींचा हात जुडग्यावर गेला. घरच्या कपाटाची किल्लीही त्यातच होती.

त्यांनी उरलेल्या दिवसाची रजा टाकली.

लेक शाल घेऊन पडली होती. मावशींनी किल्ली सोडवून तिच्या तळहातावर ठेवली. हात गार होता. आपण हे इतके दिवस आळसाच्या खात्यात टाकलं, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या आपण डॉक्टरकडे जातोय. रक्त तपासायचं. एकाला नाही कळलं तर दुसरा गाठू. आणि तू चोरून खात नाहीस, हे मी सांगणार."

"तुला कुणी सांगितलं?"

"एका उंदरानं."

लेकीनं किल्ली मुठीत धरली.

"मी सहा महिने सांगत होते," ती म्हणाली.