शांत खोलीतले उंदीर

"ताण दिलेल्या उंदरांपेक्षा शांत खोलीतलेच जास्त दारू पितायत," कर्णिक सर वैतागले. "तिथं जातं तरी कोण?"

"मीच," सुनेत्रा म्हणाली.

पिंजऱ्यांना पाण्याची आणि दारूची बाटली लावायला ती रोज दुपारी जायची. दार लावून तिथंच नवऱ्याशी फोनवर भांडायची. तो प्यायलेला असायचा, आणि प्रयोगशाळेत कुणाला कळू नये म्हणून तिला तेवढाच आडोसा होता. उंदरांनाही कान असतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाटल्या लावताना फोन वाजला. ती बाहेर आली आणि थकल्या हातानं दार हलकेच ओढून घेतलं. व्हरांड्यात सगळे चहा पीत उभे होते.

"आजही प्यायलास?" तिनं त्यांच्यासमोरच विचारलं, आवाज न दाबता.