सातव्या रांगेतले बदक

रविवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. चित्रपटगृहातील सातवी रांग, खुर्ची क्रमांक बारा आणि तेरा.

“आता काय झालं?” पत्नीने विचारले.

“तो पडला,” मुद्रितशोधक तिच्या कानाशी पुटपुटले.

“मघाशीही पडला होता ना?”

“मघाशी मालक पडला. आता नोकर.”

“आणि संगीत कशाला एवढं वाजतंय?”

“हा विनोद होता हे आपल्याला कळावं म्हणून.”

मुद्रितशोधकांनी छापखान्यात चाळीस वर्षे काढली होती. इतरांच्या मजकुरातील चुका त्यांनी खोडल्या. पदरचा एक शब्द कधी घातला नाही. निवृत्तीनंतर हीच शिस्त त्यांनी विनोदी चित्रपटांना लावली. नवे सतरा पाहिले आणि सतराही नापास केले. हल्लीच्या विनोदाचा स्वतःवर विश्वास नाही, हे त्यांचे ठाम मत. आधी एक पात्र विनोद करते, मग दुसरे तो समजावून सांगते, आणि तरीही शंका उरलीच तर कुणीतरी पाण्यात पडते. यावर पत्नीचे म्हणणे एवढेच असे, “तिकीट काढलंय ना? मग हसून घ्या.” ती हसू लागली की फळीवरून भांडी घरंगळावीत तसा आवाज होई. मुद्रितशोधक अंग चोरून बसत.

आठ महिन्यांपूर्वी तिची दृष्टी गेली. त्यानंतर ती घराबाहेर पडली नव्हती आणि हसलीही नव्हती. आज आली ती अट घालूनच. “जे दिसतंय ते सांगायचं. तुमचं मत नको. आणि आज जमलं नाही, तर पुन्हा ‘चल’ म्हणायचं नाही.”

एके काळी हे काम तिचे होते. मुद्रिते घरी येत तेव्हा ती मूळ प्रत मोठ्याने वाची, अगदी स्वल्पविरामांसकट, आणि ते खुणा करीत. खोडलेला शब्द परत घ्यायचा झाला तर ते समासात लिहीत, ‘राहू द्या’. तशी वेळ क्वचित येई आणि आणणारी बहुधा तीच असे. “अहो, छान आहे हा शब्द. राहू द्या की.” आज वाचण्याची पाळी त्यांची होती, आणि प्रत ही अशी.

“आता?”

“परत पडला.”

“कोण?”

“मालकच.”

पत्नीने खुर्चीला टेकवलेली घडीची काठी चाचपली. “चला घरी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मुद्रितशोधकांना भीती वाटली ती त्याचीच.

“थांब,” ते म्हणाले. “एक बदक आलं.”

पडद्यावर बदक नव्हते. पडद्यावर दोन भाऊ एकाच दारावर आळीपाळीने डोके आपटत होते.

“कसलं बदक?”

“पांढरं. कंपनीच्या बैठकीत शिरलं. मुख्याध्यापक वर्गात शिरतात तसं. सरळ जाऊन अध्यक्षांच्या खुर्चीत बसलं.”

“आणि बाकीचे?”

“उभे राहिले सगळे. कुणाचं आहे, ठाऊक नाही ना! उगाच वरपर्यंत ओळख निघायची.”

एक भांडे घरंगळले. मग अख्खी फळी कोसळली.

पुढच्या रांगेतील धिप्पाड गृहस्थाने वळून पाहिले. “श्श्! आजोबा, जरा हळू.”

मुद्रितशोधक आणखी हळू बोलू लागले, पण थांबले नाहीत. बदकाने दोन फायली चोचीने बाजूला सारल्या. त्या नामंजूर झाल्या. उपव्यवस्थापक घरी आरशासमोर बदकासारखे चालण्याचा सराव करू लागला. त्याच्या बायकोने माहेरी फोन लावला. कारकुनाने मात्र धीर करून रजेचा अर्ज थेट बदकापुढे ठेवला. पत्नी पदराने डोळे पुसत होती. काठी केव्हाच खाली पडली होती.

एवढ्यात पुढची खुर्ची करकरली. तोच गृहस्थ मागे झुकला होता.

“आजोबा, जरा मोठ्यानं. बदकानं अर्जावर सही केली का?”

पत्नीचे हसू थांबले. तिने त्या आवाजाकडे तोंड वळवले. “का हो? तुम्हाला दिसत नाही का बदक?”

“कसं दिसणार, आजी? पडद्यावर बदकाचं पीससुद्धा नाही. पण आमची सगळी रांग कान लावून बसलीय.”

ज्यांनी दुसऱ्याच्या मजकुरात कधी एक शब्द घातला नव्हता, त्यांनी जिवंत बदक घातले होते. आणि तेही जिला दिसत नाही, तिच्यासमोर.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुला फसवायचं नव्हतं.”

“फसलंय कोण? मला केव्हाच कळलं होतं.”

“ते कसं?”

“अर्धा तास झाला, तुमचं बदक एकदाही ओरडलं नाही. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले.”

चूक निर्विवाद होती. एवढ्या बारकाईने रचलेल्या बदकाला आवाज द्यायचा राहून गेला होता. मुद्रितशोधकांनी खाली वाकून काठी उचलली आणि तिच्या हाती दिली. आता ती उठणार, हे त्यांनी गृहीत धरले. तिने काठीची घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिली.

“पुढच्या रविवारी कुठला लागतोय?”

“विनोदीच आहे एक,” ते अडखळत म्हणाले. “पण तोही असाच असणार.”

पत्नीने दोन्ही हात मांडीवर पसरले. मूळ प्रत मांडीवर असताना पसरत असे, तसेच. पुढची सगळी रांग कान देऊन होती.

“सिनेमा खोडून टाका,” ती म्हणाली. “बदक राहू द्या.”