पाणी ओसरल्यावर

मुलाच्या नोकरीपायी सत्वशीलाबाई जालन्याहून चेन्नईला, वेलचेरीत राहायला आल्या. गल्लीत समोरासमोर दोन चर्च होती. मूळ मंडळी एकच; पाळक कोण यावरून फुटलेली. रविवारी दोन्हीकडचे कर्णे एकमेकांवर ओरडत. बाई रोज गुडघे टेकून मागत, "प्रभू, या मंडळ्यांना जागं कर, एक कर." डिसेंबरात गल्लीत कमरेइतकं पाणी शिरलं आणि दोन्हीकडची माणसं बाईंच्या इमारतीत वर येऊन राहिली. एका चर्चचं मोठं पातेलं, दुसऱ्याचे तांदूळ. दोघे पाळक शेजारी उभे राहून भात वाढत होते. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तमिळ गीत म्हटलं. बाईंना शब्द कळले नाहीत, पण डोळे वाहत राहिले. आपण मागत होतो ते हेच, असं त्यांना वाटलं. मग पाणी ओसरलं. शनिवारी गल्लीत आरडाओरडा ऐकू आला. तमिळ समजणारी सून खिडकीतून वळून म्हणाली, "आई, त्या पातेल्यावरून जुंपलीय. पोचा कोणी पाडला, विचारतायत." दुसऱ्या दिवशी कर्णे पुन्हा सुरू झाले. बाईंनी गुडघे टेकले, तर एकच मागणं ओठांवर आलं: प्रभू, पुन्हा पाणी येऊ दे. त्या दचकल्या. खाली तळमजल्यावरचं कुटुंब अजून घरातला चिखल उपसत होतं. "काय मागताय, आई?" सुनेनं विचारलं. "काही मागवत नाही गं," त्या म्हणाल्या, आणि मिटलेल्या ओठांनी तशाच गुडघ्यांवर बसून राहिल्या.