दरडीचा भोंगा

शुभदाने लाल वायर बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

धूर आला नाही. जळका वासही नाही. तिने एक डोळा उघडला. पेटीवरचा हिरवा दिवा नुसता विझला होता. वायर पुन्हा सरळ जोडली, तर मेला लगेच लागला.

महाडच्या बाजारपेठेतल्या त्या दुरुस्तीच्या दुकानात आज ती एकटीच होती. नवरा, रघुवीर, सकाळच्या एसटीने वरंधकडे गेला होता. बरोबर मैथिली. पुण्याची इंजिनियर, वय वर्षं सव्वीस. गेल्या पावसाळ्यात डोंगरच वाड्यांवर उतरले, तेव्हापासून सगळ्यांना दरडीची धास्ती. मैथिलीने त्यावर हा पेटीतला भोंगा काढला होता. उतारावर तार ताणायची. माती सरकून तार तुटली की भोंगा ओरडणार. एरवी तो झोपलेला, आणि झोपेत बॅटरी जवळजवळ खातच नाही म्हणे. अशा तीस पेट्या, तीस वाड्यांसाठी, याच दुकानात जोडायच्या होत्या. म्हणजे बाईंचा मुक्काम आणखी चार महिने तरी हलत नव्हता.

चार महिने! रघुवीरशेजारच्या स्टुलावर वीस वर्षं शुभदा बसत आली होती. वायरी सोलायची, सोल्डर धरायची, त्याने हात पुढे केला की न मागता पक्कड द्यायची. आता त्या स्टुलावर मैथिली, आणि शुभदा चहाचा ट्रे घेऊन उभी. जेवतानाही तोच विषय.

"अगं, आपला जुना रेग्युलेटर दोन व्होल्ट नुसते स्वतःच खातो. हिने आणलाय त्याला अर्धा पुरतो! बॅटरी उतरत आली तरी हा आपला पाच व्होल्ट देतोय."

कमी खाण्याचं एवढं कौतुक ऐकून शुभदाने त्या दिवशी मागचा भात घेतला नव्हता.

"काका म्हणते हो तुम्हाला," ती एकदा म्हणाली होती.

"मग काय, आजोबा म्हणू दे?" म्हणून तो हसला होता. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते तिला अजून कळलेलं नव्हतं.

आज निघताना मैथिलीच्या अंगावर रघुवीरचा रेनकोट होता. "पेटीकडे जरा बघ," एवढंच बोलून तो पायरी उतरला, आणि तिथेच शुभदाचं ठरलं. पहिली पेटी जळाली की बाकीच्या एकोणतीस कोण करून घेणार? बाई पुण्याला.

जाळायचं कसं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. वीस वर्षांत गिऱ्हाइकांनी ज्या ज्या तऱ्हांनी वस्तू जाळून आणल्या, त्या सगळ्या तिला तोंडपाठ होत्या. पहिला मान उलट्या बॅटरीचा. तो फुकट गेला. मग तिने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि रेग्युलेटरमधून बाहेर पडणाऱ्या दोन्ही टोकांवर आडवा दाबून धरला. दिवा विझला. उचलला, दिवा लागला. दाबला, विझला. उचलला, लागला. सासू ओरडली की गप्प, सासूची पाठ वळली की पुन्हा कामाला. असली सून तिने जन्मात पाहिली नव्हती.

"थांब, सटवे," ती पेटीला म्हणाली.

दत्ताराम म्हणून एका गिऱ्हाइकाच्या जीपची बॅटरी चार्जिंगला आली होती. पेटी सहा व्होल्टची, तिने बाराची जोडली. बाहेरच्या टोकांना जीपच्या हेडलाइटचा बल्ब लावला, म्हणजे ओझंही दांडगं. वरून टॉवेल टाकला. पाच मिनिटांनी आत बोट घातलं, ते चांगलंच पोळलं. टॉवेल उचलला. दिवा गेला होता.

मेली एकदाची.

बोट तोंडात धरून ती स्टुलावर बसली. आपल्याच स्टुलावर. आता गोड वाटायला हवं होतं. पण आठवला तो आंबेनळी घाटाच्या अंगाचा गोमाजी, परवा दुकानात येऊन उभा राहिलेला. "वयनी, भोंगा कदी मिलनार गो? पाऊस लागला की पोरां निजत नाय." तिने त्याला चहा दिला होता. आठवड्याभरात मिळेल, असंही सांगितलं होतं.

तिच्याने पेटीकडे बघवेना. ती रस्त्याकडे तोंड करून बसली. मग काय वाटलं कोण जाणे, वळली.

हिरवा दिवा लागलेला होता.

तिने काही केलं नव्हतं. पेटी तापली तशी आपली आपण बंद झाली होती आणि निवली तशी आपली आपण उठली होती. पुन्हा तापली, विझली. पुन्हा निवली, लागली. शुभदाला इतका आनंद झाला की तिला त्याचाच राग आला.

"काकू, हे काय केलंत?"

दारात मैथिली, गुडघ्यापर्यंत चिखल. मागे रघुवीर. शुभदाने काही लपवलं नाही.

"उलटी जोडली. शॉर्ट केली. बारा व्होल्टवर भाजली. नाही जळत तुझी पेटी, मी काय करू?"

मैथिलीने पिशवीतून वही काढली. "उलटी किती वेळ होती?"

"असेल दोन-तीन मिनिटं. लिहितेस काय? तक्रार करायचीय माझी?"

रघुवीरने आतून तुपाची वाटी आणली. तिचं पोळलेलं बोट त्याने हातात घेतलं आणि खाली मान घालून त्यावर तूप लावत राहिला.

"चाचणी लिहितेय," मैथिली म्हणाली. "पेटी मीच बनवलेली, तिला छळायला माझा हात होईना. काका म्हणाले, तू काही करू नकोस, फक्त दिवसभर माझ्याबरोबर हिंड. मागे शुभदा एकटी राहील, तिच्या तावडीतून पेटी संध्याकाळपर्यंत वाचली, तर वाडीत दहा पावसाळे तिला मरण नाही."