काचेवरचं अक्षर

इमारतीबाहेर दोरांवर लोंबणारा कामाचा पाळणा सहाव्या मजल्यावर अडकला, आणि थोड्याच वेळात कचरूदादांनी छाती धरली.

"मुक्ते, हात जड झालाय," ते म्हणाले आणि फळीवरच बसले. कपाळ घामाने डबडबलं होतं. ओठ पांढरे पडले होते. मुक्ताईने त्यांना धरून कठड्याला टेकवलं. छतावरची मोटर बंद पडली होती. ती चालवणारा सर्जेराव इलेक्ट्रिशियनला शोधायला गेला होता. मुक्ताई जीव तोडून ओरडली. शेजारच्या प्लॉटवर पाया खणणारं मशीन धडधडत होतं; तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. फोन दोघांचेही खाली सिक्युरिटीकडे जमा. वरून काही पडू नये, म्हणून कंत्राटदाराचा नियम.

हिंजवडीतल्या त्या कंपनीला मराठी भाषा दिनासाठी काचांवर हाताने लिहून हवं होतं. आत कामात व्यत्यय नको, रंगाचा वास नको, म्हणून लिहायचं बाहेरून. वाचायचं मात्र आतल्या लोकांनी, म्हणून अक्षरं उलटी काढायची. मुक्ताई वाशिमहून पुण्याला आली, कला महाविद्यालयात शिकली आणि सदाशिव पेठेतल्या खोलीत बसून मुखपृष्ठं करता करता तिच्या अक्षराचं नाव झालं. पण उलटं लिहायला तिला शिकवलं ते खडकीच्या कचरूदादांनी. दुकानांच्या काचा रंगवण्यात त्यांची उमर गेली होती. फ्लेक्स आला तसे ते घरी बसले. तिनेच त्यांना या कामावर आणलं होतं. चला म्हणून मागे लागली होती.

काचेपलीकडे, हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ, माणसं बसली होती. तिने मुठीने काच बडवली. काच दुहेरी होती. एका मुलीने वर पाहिलं, हसून हात हलवला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली. काचेचा खालचा पट्टा दुधी होता. फळीवर बसलेले कचरूदादा आतून कोणाला दिसत नव्हते.

तिने ब्रश बुडवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: मदत करा.

आता मात्र माणसं उठली. काचेजवळ आली. मुक्ताईच्या जिवात जीव आला. मग त्यांनी फोन वर केले. कोणी अंगठा दाखवला. मघाची मुलगी दोन्ही हातांचा बदाम करून उभी राहिली. दोघंजण काचेकडे पाठ करून सेल्फी काढू लागले. गळ्यात हेडफोन अडकवलेल्या एका मुलाने ओठ हलवत ओळ वाचली, मान डोलावली आणि फोटो काढला. मुक्ताईने खाली बोट दाखवलं, हात जोडले. त्यांनीही हसत हात जोडले.

तिला काही कळेना. मग तिची नजर बाजूच्या काचांवर गेली. कालपर्यंत पुऱ्या केलेल्या ओळी तिथे होत्या. हसत राहा. स्वप्नं पाहा. आणि आता, मदत करा. तिसरी ओळ पहिल्या दोघींच्या पंगतीत अगदी शोभून दिसत होती. तीच जाडी, तोच डौल. शिरोरेघ एका पातळीत. पायाशी माणूस मरत होता आणि तिने शेवटच्या कान्याला नीट टोक काढलं होतं.

इतकी वर्षं हात बसवला. आता तो वाईट लिहायलाच तयार नव्हता.

"दादा, डोळे उघडा," ती म्हणाली. कचरूदादांनी उघडले नाहीत.

तिने ब्रश फेकून दिला. डब्यात मनगटापर्यंत हात घातला आणि पंजानेच काचेवर लिहायला लागली. जागा नव्हती. ती आधीच्या ओळीवरच लिहीत सुटली. शिरोरेघ नाही, मात्रा कुठल्या कुठे. निम्मी अक्षरं उलटी करायची राहून गेली. रंगाचे ओघळ खाली धावले. काचेवर उमटलं: कचरूदादा मरतायत.

आतले फोन खाली आले. कोणी हसेना. हेडफोनवाला मुलगा पुढे झाला, त्याने कपाळ काचेला टेकवलं आणि टाचा उंचावून दुधी पट्ट्यावरून खाली वाकून पाहिलं.

तो पळत सुटला.

पुढचं भराभर झालं. छतावर माणसं धावली. हाताने चाक फिरवून त्यांनी पाळणा खाली उतरवला. खाली अँब्युलन्स उभी होती.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मुक्ताई आणि कचरूदादांच्या बायको वेणूबाई बाकावर बसून राहिल्या. डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, वेळेत आणलंत, धोका टळलाय. वेणूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग उठून आत गेल्या.

संध्याकाळी तो मुलगा आला. शौनक, त्याने नाव सांगितलं. कंपनीचं कार्ड अजून गळ्यातच होतं. मुक्ताईने त्याचे आभार मानले. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण तो जाईना.

"ताई, 'मदत करा' ही ओळ मी नीट वाचली होती," तो शेवटी म्हणाला. "आवडली म्हणून स्टेटसला पण टाकली."

मुक्ताई नखांत वाळलेला रंग खरवडत होती.

"मला खरंच वाटलं की ते तुम्ही आम्हाला सांगताय. लोकांना मदत करा म्हणून."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हालाच सांगत होते," ती म्हणाली.