अक्षराला झाडू

बिंदुमाधवने खराटा उचलला. आपल्या पंधरा दिवसांच्या कष्टांवर तो आता स्वतःच्याच हातानं फिरवायचा होता.

कॉलेजच्या पटांगणात तीनशे पत्रकं पसरली होती. विलायती कापड सोडा, मिठाचा कायदा मोडा, असा मजकूर. काशीतल्या दुर्गाघाटच्या या पोरानं ती स्वतः लिहून, सायक्लोस्टाइल करून परवा पहाटे भिंतीवरून आत टाकली होती. पण एकानंही वाचली नव्हती. हातात पत्रक सापडलं की कॉलेजातून नाव कमी, अशी प्रिन्सिपलसाहेबांनी तातडीनं नोटीस लावली होती. दोन दिवस पोरं पत्रकं केळीच्या सालींसारखी चुकवून चालत होती. पकडले जाण्याची भीती होतीच, पण हे बिंदुमाधवला जास्त झोंबत होतं.

शेवटी साहेबांनी सफाईसाठी स्वयंसेवक मागितले. सगळा कचरा गोळा करायचा आणि जाळायचा. तास बुडतो म्हटल्यावर चाळीस जण धावत आले. बिंदुमाधव आला, कारण न येता तर संशय आला असता.

त्यानं खराटा टेकवला आणि यज्ञेश्वरशास्त्री आडवे आले. शास्त्रीबुवा त्याच्याच गल्लीतले, कॉलेजात संस्कृत शिकवायचे. साहेब दिसला की कमरेत वाकायचे, म्हणून पोरं त्यांना साहेबाचा पोपट म्हणत.

“झाडू खाली ठेव,” ते गरजले. “अक्षर आहे ते.”

मग त्यांनी साहेबांना शास्त्र समजावलं. लिहिलेल्या कागदाला झाडू लावणं पाप. देवाचं नाव असलेला कागद तर जाळायचाही नाही, गंगेतच सोडायचा. तेव्हा प्रत्येक कागद हातानं उचलावा, कपाळाला लावावा आणि वरपासून खालपर्यंत नीट तपासावा. धर्माच्या भानगडीत पडायचं नाही, हे साहेब काशीत पहिल्याच वर्षी शिकले होते. त्यांनी मान हलवली.

मग काय विचारता! चाळीस पोरं उन्हात उकिडवी बसली आणि साहेबांच्या देखत, साहेबांच्या हुकमानं वाचू लागली. एकाला खात्री वाटेना, म्हणून त्यानं कागद शेजाऱ्याला दिला. शेजाऱ्यालाही वाटेना. एका भाविकानं तर तेच पत्रक तीनदा तपासलं. हसू दाबून पोटं दुखायला लागली. वर्गांतली पोरंसुद्धा पुस्तकं टाकून सेवेला धावली. बिंदुमाधवला सकाळी सकाळी भांग चढल्यासारखं झालं होतं.

दोन तासांत पटांगण लख्ख झालं. देवाचं नाव एकाही कागदावर निघालं नाही. साहेबांनी ढिगाला काडी लावली आणि शास्त्रीबुवांचे आभार मानले. शास्त्रीबुवा नेहमीसारखे कमरेत वाकले.

परत फिरताना ते बिंदुमाधवपाशी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले,

“पुढच्या खेपेला जरा मोठं लिही, बिंदू. परवा चष्मा लावूनसुद्धा दुसरी ओळ लागत नव्हती.”